हवा काढण्याआधी

पन्हाळ्याहून उतरताना आमच्या जुन्या जीपचे ब्रेक पेडल पहिल्या दाबाला तळाला टेकले आणि दुसऱ्या दाबाला थोडे वर आले, तेव्हा दुसरा गिअर टाकून, इंजिनाच्या जोरावर गाडी रोखत कशीबशी खाली आणली. या पिढीच्या जीपना एकच हायड्रॉलिक सर्किट, म्हणजे पेडलचा दाब तेलातून चाकांपर्यंत नेणारी एकच नळ्यांची साखळी, असते. एका चाकाशी तेल गळाले तरी चारही चाकांचे ब्रेक जाऊ शकतात.

दोन-तीनदा दाबल्यावर पेडल वर येऊन घट्ट लागत असेल, तर बहुधा ड्रम (चाकाबरोबर फिरणारा पोकळ डबा) आणि त्याला आतून घासणारे शू यांतले अंतर वाढलेले असते व शू ॲडजस्ट करावे लागतात. वर येऊनही ते स्पंजासारखे दबत असेल तर नळ्यांत हवा आहे. आणि पाय स्थिर ठेवूनही हळूहळू खाली सरकत असेल, तर पेडलने तेल दाबणाऱ्या मास्टर सिलिंडरचे रबरी कप तेल सोडत आहेत किंवा बाहेर कुठेतरी गळती आहे. आमचे पेडल स्पंजासारखे होते, म्हणून मी हवा काढली. चार दिवस बरे गेले, पाचव्या दिवशी पुन्हा तेच.

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या मिस्त्रींनी ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, “हवा नुसती काढून काय हुतंय? कुठनं आत जातीया ते बघा की.”

जमिनीवर थेंब नव्हता, तरी ब्रेक ऑइलच्या टाकीतले तेल किंचित उतरले होते. मागचा डावा ड्रम काढल्यावर शू ढकलणाऱ्या व्हील सिलिंडरच्या रबरी टोपीखाली ओल दिसली. ब्रेक ऑइल हवेतले बाष्प शोषते, आणि आमच्याकडच्या पावसाळ्यात वर्षानुवर्षे न बदललेल्या तेलाने सिलिंडरच्या आत गंजाचे खड्डे पाडले होते. पेडल सोडताना नळीतला दाब उतरला की झिजलेल्या कपाच्या कडेने हवा आत शिरत होती. डॉट ३ या प्रतीच्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू नवे असताना किमान २०५ अंश सेल्सिअस असतो, तर पाणी मुरल्यावरची किमान मर्यादा १४० अंश आहे. घाटात ड्रम तापले की अशा तेलाची वाफ होते आणि पेडल पोकळ लागते.

सिलिंडर नवा बसवला, सुटे भाग डिझेलने न धुता ब्रेक ऑइलनेच धुतले, कारण डिझेलने रबर फुगते. मग शू ॲडजस्ट करून हवा काढायला घेतली. चाकांवरच्या, हवा बाहेर सोडायच्या गंजलेल्या निपलना आदल्या रात्रीच तेल सोडले होते आणि रिंग पानाच वापरला. साध्या पान्याने निपलचे कोपरे जातात. मास्टर सिलिंडर ड्रायव्हरच्या पायाखाली असल्याने झाकण उघडण्यापूर्वी तिथली माती पुसणे भाग होते. सर्वांत लांबच्या, म्हणजे मागच्या डाव्या चाकापासून सुरुवात केली. पुतण्या पेडल दाबून “धरलंय, काका” म्हणे, मी निपल पाव फेरा सैल करी, आणि ते बंद केल्यावरच त्याने पाय उचलायचा. पारदर्शक नळीतून आधी चहासारखे काळपट तेल आणि बुडबुडे आले, नंतर स्वच्छ तेल. दर पाच-सहा दाबांनी टाकी भरत राहिलो, कारण ती रिकामी झाली असती तर सगळे पुन्हा पहिल्यापासून करावे लागले असते.

शेवटी पेडल मिनिटभर दाबून धरले. ते जागचे हलले नाही. गल्लीत हळू चालवून पाहिल्यावरच गाडी पन्हाळ्याच्या रस्त्याला लावली. मडगार्डवर सांडलेले ब्रेक ऑइल मात्र पाण्याने धुवायला उशीर झाला आणि तिथला रंग गेला.