पाळणा मधेच थांबला

आकाशपाळणा मधेच थांबला आणि वरच्या डब्यातली एक पोरगी "आज्जीऽऽ" म्हणून अशी ओरडली की खाली रांगेत आम्ही सगळे गप्पच झालो.

संक्रांतीचा गड्डा, म्हणजे आमच्या सोलापूरची सिद्धेश्वराची जत्रा, होम मैदानावर पाय ठेवायला जागा नाही, लेक कधीपासून माझं बोट धरून उभी. मोटार बंद पडली म्हणे. भोंग्यावर गाणी जोरात चालू, पण किती वेळ लागेल ते सांगायला कुणी नाही.

मग विशीतला एक पोरगा पाळणा हातानंच ओढायला लागला. एक डबा रिकामा केला की लगेच समोरच्या बाजूचा, कारण एकाच बाजूची माणसं उतरवली तर दुसरीकडं वजन जातं आणि चाक आपोआप फिरतं. प्रत्येक वेळी वर बघून सांगायचा, "दांडी सोडू नका, येतोय." त्या पोरीला उतरवताना म्हणाला, "ती बघ आज्जी, पाणी घिऊन उभी हाय."

एवढ्या गोंधळात लोकांशी बोलणारा तो एकटाच, आणि ते त्याचं कामसुद्धा नव्हतं.

थांबायला आमची ना नाही हो, पण तिकीट खिडकीवर एक माइक आणि पाळणा बंद पडला तर पैसे परत, एवढं मागणं जास्त आहे का?