अंडं नाही, तूप नाही: साठ पानांचं व्हीगन श्निट्सेल

चाकणच्या एका जर्मन कंपनीतून मागणी आली ती अशी: दुपारचं जेवण, साठ पानं, मुख्य पदार्थ श्निट्सेल आणि सगळं व्हीगन. मांस, अंडं, दूध, दही, लोणी, तूप, मध यांतलं काहीही नको. शाकाहारी जेवण आमच्या हातात बसलेलं आहे, पण आपल्या शाकाहारात दूधदुभतं इतकं मुरलेलं असतं की व्हीगन म्हटलं की प्रत्येक पुडा उलटून मागचा बारीक मजकूर वाचावा लागतो. त्या सकाळी त्या वाचण्यानेच वेळेवर सावध केलं.

व्हिएन्नाचं मूळ श्निट्सेल वासराच्या मांसाचं. काप ठोकून चार-पाच मिलिमीटर पातळ करायचा, मैद्यात घोळवायचा, फेटलेल्या अंड्यात बुडवायचा, पावाच्या चुऱ्यात लोळवायचा आणि भरपूर तुपात तळायचा. तिकडे त्यासाठी जे कढवलेलं लोणी वापरतात ते म्हणजे आपलं साजूक तूपच. ऑस्ट्रियात आणि जर्मनीत मांस वासराचं नसेल तर ‘वीनर श्निट्सेल’ एवढंच नाव लावून विकता येत नाही. महाराष्ट्रात २०१५ साली गोवंश हत्याबंदीचा कायदा कडक झाला, त्यामुळे पुण्यात श्निट्सेल म्हणून मिळतं ते बहुतेक कोंबडीचं नाहीतर डुकराचं. तरीही खाणारा ते ओळखतो. कारण ओळख आवरणात आहे: कोरडं, सोनेरी, लाटा उठल्यासारखं, सुरी लागली की मोडणारं. व्हीगन करताना बहुतेक जण मांसाच्या नकलेत सगळा जीव ओततात आणि आवरणाकडे शेवटच्या तासाला वळतात. मला हे पूर्ण चुकीचं वाटतं. आतला काप साधा असला तरी निभतं, आवरण सुटलं की पदार्थच राहत नाही.

आत काय घ्यायचं हे मात्र ठरवावं लागतंच. कच्च्या फणसाला रेषा सुंदर असतात, पण पातळ काप केला की त्या सुटतात. टोफू पाणी सोडतो. तयार सोया चापेत मसाल्याचा आणि सोयाचा वास पुढे येतो, वासराचं मांस तर चवीला अगदी सौम्य. धिंगरी अळिंबी (ऑयस्टर मशरूम) चवीला उत्तम, पण साठ पानांना एकसारख्या आकाराची मिळणं कठीण. म्हणून आम्ही गव्हाचं ग्लुटेन, म्हणजे गव्हातलं चिवट प्रथिन, घेतलं.

ग्लुटेन घरीही निघतं. किलोभर मैद्याची घट्ट कणीक मळून तासभर पाण्यात बुडवून ठेवायची आणि मग चिंधी धुवावी तशी पाण्यात चोळत राहायची. पांढरं पाणी निघून जातं आणि हातात रबरासारखा साधारण तीनशे ग्रॅम गोळा उरतो. आमच्याकडच्या मावशींनी ते पाहिलं आणि म्हणाल्या, “शेफ, हे तर कुरडयांचं उलटं काम. आम्ही चीक ठेवतो नि चोथा टाकतो.” अगदी बरोबर. ते पांढरं पाणी रात्रभर निवळू दिलं की तळाशी चीकच बसतो, आणि जिरं-मीठ घालून तो शिजवून खाता येतो, टाकायचं कारण नाही. साठ पानांसाठी मात्र धुण्यात दिवस जातो, त्यामुळे कोरडी ग्लुटेन पावडर वापरली.

दहा कापांचं माप असं: ग्लुटेन पावडर ५०० ग्रॅम, बेसन ७५ ग्रॅम, मीठ १० ग्रॅम, पांढरी मिरपूड अर्धा चमचा, किसलेलं जायफळ चिमूटभर, रिफाइंड तेल दोन मोठे चमचे, एक चमचा लिंबाचा रस आणि ५२५ मिलिलिटर गार भाजीचा स्टॉक, म्हणजे भाज्या उकळून गाळलेलं पाणी. बेसन आणि तेल हे दोन्ही ग्लुटेनचे धागे थोडे तोडतात, ते नसले तर काप चावून चावून जबडा दुखतो. लिंबाने पिठूळ वास कमी होतो. गरम मसाला, आलं-लसूण, धणे-जिरे यांतलं काही घालायचं नाही, घातलं की ते कटलेट होतं. पातळ पदार्थ एकदमच ओतायचा, कारण थोडं थोडं घातलं तर जिथे आधी पडतं तिथे लगेच गाठी धरतात आणि मग त्या फुटत नाहीत. दोन-तीन मिनिटं मळलं की पुरे. जास्त मळाल तितकं ते ताठर होतं.

अर्धा तास झाकून ठेवल्यावर लाटायला घ्यायचं. ते आखडतं, त्याच्याशी झगडायचं नाही. एकदा लाटून दहा मिनिटं सोडून द्यायचं, मग पुन्हा लाटून सेंटिमीटरभर जाडीचे काप पाडायचे. छिद्रांच्या ट्रेवर बटर पेपर अंथरून ३५ मिनिटं वाफवायचं. पेपरखेरीज वाफवलं तर खालून चिकटतं, आणि झाकणाचं पाणी वर ठिबकलं तर पृष्ठभागावर खळगे पडतात. थेट उकळत्या पाण्यात तर टाकूच नये, आतली हवा आणि वाफ फुगून काप स्पंजासारखा भोकाभोकांचा होतो. वाफवलेले गरम काप कोमट स्टॉकमध्ये टाकून तिथेच गार करायचे आणि रात्रभर फ्रिजमध्ये ठेवायचे. गार झाल्यावर ग्लुटेन घट्ट होतं आणि त्याला मांसासारखी चावण बसते. ताज्या वाफवलेल्या कापाला ती नसते, म्हणून हे काम आदल्या दिवशीच करावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काप स्टॉकमधून काढून स्वच्छ पंचाच्या दोन घड्यांमध्ये घालायचे आणि वरून परात दाबून पाणी काढायचं. मग सपाट हातोडीने सहा-सात मिलिमीटरपर्यंत ठोकायचे. कच्चं ग्लुटेन ठोकलं तर ते परत उडी मारतं, शिजून गार झालेलं मात्र ठोकल्यावर पसरलेलं राहतं. त्यानंतर उघड्या ट्रेवर तासभर फ्रिजमध्ये. हा तास आवरणासाठी आहे: काप ओला राहिला तर तेलात त्याच्या पाण्याची वाफ होते, ती बाहेर पडायला जागा शोधते आणि आवरण कापापासून उचलून फाडते.

हे सगळं वेळेत झालं होतं. सकाळी सात वाजता चुऱ्याची पोती उघडली. रोजच्या पुरवठादाराकडून आलेला तयार ब्रेडक्रम्ब्सचा माल, पुड्यावर हिरवा ठिपका. मागे पाहिलं तर घटकांत दुधाचे घन पदार्थ, आणि ॲलर्जीच्या ओळीत गहू आणि दूध. हिरव्या ठिपक्याचा अर्थ मांस-अंडं नाही एवढाच, दूध त्यात चालतं. व्हीगनसाठी एफएसएसएआयचे, म्हणजे अन्नसुरक्षेच्या केंद्रीय संस्थेचे, वेगळे नियम २०२२ मध्ये आले आणि त्यासाठीचं चिन्हही वेगळं आहे. ते या पुड्यावर नव्हतं. मागवताना ‘साधा, व्हेज’ असं सांगितलं होतं आणि पुरवठादाराने त्यांच्या अर्थाने तसंच पाठवलं होतं. जेवण एक वाजता.

भोसरीतल्या बेकरीत ओव्हन तेव्हा नुकतेच रिकामे होत होते. तिथे तीन गोष्टी विचारायच्या असतात: पिठात दूध किंवा दूध पावडर आहे का, लोणी आहे का, आणि वरून कशाचा हात फिरवता. तिसरा प्रश्न माणसं विसरतात. साध्या पावाच्या पिठात बहुतेक वेळा मैदा, पाणी, मीठ, साखर, यीस्ट आणि तेल एवढंच असतं, पण चकाकीसाठी वरून दुधाचा हात मारलेला असू शकतो. बेकरीवाले काका म्हणाले, “दूध नाय, तेलाचा हात असतो.” एकशेवीस लादी पाव घेतले. टोस्ट आणि खारीकडे अशा वेळी बघायचं नाही, आणि स्लाइस ब्रेडवर ‘मिल्क’ लिहिलेलं नसलं तरी घटक वाचल्याखेरीज उचलायचा नाही.

एका श्निट्सेलला साधारण ४० ग्रॅम चुरा चिकटतो, परातीत खाली उरणारा आणि ओला होऊन टाकावा लागणारा धरून साठांना साडेतीन किलो लागतो. पाव फाडून १२० अंशांच्या ओव्हनमध्ये चाळीस मिनिटं वाळवले. पूर्ण गार झाल्यावर मगच मिक्सर. गरम पाव दळला तर आतल्या वाफेने चुऱ्याचे गोळे होतात. नंतर रव्याच्या चाळणीतून चाळलं. वर राहिलेला जाड चुरा परत दळायचा, जाड चुऱ्याने आवरण खडबडीत होतं आणि तेल जास्त पितं.

एवढ्याने प्रश्न मिटला नाही, त्याचं रूप बदललं. लादी पावात साखर असते आणि साखर असलेला चुरा लवकर लाल होतो. १७५ अंशांच्या तेलात एक काप सोडून पाहिला: पाऊण मिनिटात बाहेरून विटकरी आणि मधोमध सुरी खुपसली तर पातं थंडगार. तेव्हा तेल १६० ते १६५ वर आणलं आणि एकेका बाजूला पाऊण मिनिटाऐवजी दोन मिनिटं दिली. रंग सोनेरीवर थांबला आणि काप आतपर्यंत गरम झाला. आतलं ग्लुटेन शिजलेलंच असतं, तळणीत फक्त आवरण भाजायचं आणि काप तापवायचा असतो, म्हणून मंद आच परवडते. कोंबडीच्या बाबतीत हा मोकळेपणा नसतो.

आता अंड्याची जागा. अंड्यातली प्रथिनं तापून गोठतात, चुरा धरून ठेवतात, आणि त्या लवचिक पडद्याखाली वाफ अडकून लाटा उठतात. नुसतं बेसन वापरलं तर चुरा धरतो, पण चव आणि रूप भज्याचं येतं. आमचं दहा कापांचं माप: मैदा १५० ग्रॅम, कॉर्नफ्लोअर ५०, बेसन फक्त २५, थंड पाणी ३५० मिलिलिटर, अर्धा चमचा मीठ, चमचाभर मोहरीची पूड पाण्यात फेसून. पिवळ्या बलकाचा रंग यावा म्हणून हळद, तीही चाकूच्या टोकावर राहील इतकीच. त्यात काबुली चण्याचं शिजवल्यावर उरलेलं दाट पाणी १०० मिलिलिटर फेटून फेस येईपर्यंत आणून हलक्या हाताने मिसळलं. त्या फेसामुळे थोडी फूग येते. अंड्याइतकी ती येत नाही आणि तसं कुणाला सांगूही नये. घोळ किती दाट हवा? बोट बुडवून काढलं की पातळ थर राहावा आणि जास्तीचं लगेच ओघळून जावं. घोळ पंधरा-वीस मिनिटांनी दाटतो, त्यामुळे पाण्याचा गडू शेजारीच हवा.

क्रम: काप, कोरडा मैदा, झटकणं, घोळ, निथळणं, चुरा. मैदा झटकला नाही तर घोळ मैद्याला चिकटतो आणि कापाला काहीच चिकटत नाही, मग तळताना सगळं आवरण एकदम निसटतं. चुरा दाबायचा नाही. परातीत पुरेसा चुरा घेऊन काप ठेवायचा, वरून चुरा सारायचा आणि परात हलवायची. दाबला की आवरण कापाला घट्ट बसतं, लाटा येत नाहीत. मावशी हे दुसऱ्याच कापाला अचूक करू लागल्या आणि पुढचे सगळे त्यांनीच घोळवले. एक हात कोरडा, एक हात ओला, हा नियमही त्यांनी आपण होऊन पाळला.

घोळवलेले काप वीस मिनिटं उघडे ठेवले की चुरा ओल शोषून पक्का धरतो. दोन तासांवर गेले की चुरा लगदा होतो. म्हणून भोसरीतल्या आमच्या स्वयंपाकघरात तळून चाकणला न्यायचा प्रश्नच नव्हता. तळलेलं श्निट्सेल हॉटबॉक्समध्ये स्वतःच्या वाफेने मऊ पडतं, शिवाय नाशिक रस्त्यावर मोशीजवळ गाडी कधी अडकेल याचा भरवसा नाही. ठोकलेले कोरडे काप, चुरा आणि घोळाचं कोरडं मिश्रण वेगवेगळं नेलं, घोळ तिथेच कालवला.

रुंद, पसरट कढया घेतल्या आणि तीन सेंटिमीटर खोल शेंगदाण्याचं रिफाइंड तेल. कापाने पोहावं इतकं तेल हवं आणि कढई धरून हलवत राहायला हवं, म्हणजे गरम तेल वरच्या बाजूवरूनही वाहतं. एका वेळी दोन काप, तीन नको, नाहीतर तेल एकदम उतरतं आणि आवरण तेलकट होतं. खाली पडलेला चुरा दर दहा कापांनी जाळीतून गाळला. तो जळला की पुढच्या प्रत्येक श्निट्सेलवर काळे ठिपके आणि कडू चव. तेल कोरं हवंच, कोंबडी किंवा पनीर तळलेलं तेल गाळून वापरलं की व्हीगन म्हणणं खोटं ठरतं. झारे आणि चिमटेही वेगळे.

सोबतीचं सोपं होतं. व्हिएन्नाच्या पद्धतीच्या बटाट्याच्या सॅलडला मेयोनेज लागतच नाही: उकडलेल्या नव्या बटाट्याच्या गरम चकत्यांवर गरम स्टॉक, व्हिनेगर, मोहरी, कांदा आणि तेल. स्टॉक मांसाऐवजी भाजीचा. जुना बटाटा भुसभुशीत असतो, स्टॉक ओतला की पिठलं होतं. तिकडे श्निट्सेलसोबत लिंगनबेरी या लहान, आंबट लाल फळांचा जॅम देतात, त्याच्या जागी करवंदाचा जॅम दिला, आंबटपणा चांगला जुळला. लिंबाची फोड पानाच्या कडेला ठेवायची, आधीच पिळली तर आवरण भिजतं.

साठांच्या यादीत एका नावापुढे ‘ग्लुटेन नको’ असं लिहिलेलं होतं. श्निट्सेलमध्ये आतही ग्लुटेन आणि बाहेरही. या माणसासाठी सुरणाचा सेंटिमीटरभर जाड काप चिंचेच्या पाण्यात मऊ उकडून घेतला, आंबटाने सुरणाची खाज कमी होते. वरून तांदळाचं पीठ, मग तांदळाचं पीठ आणि बेसन सम प्रमाणात घेऊन केलेला घोळ, आणि चुऱ्याऐवजी मंद आचेवर कुरकुरीत भाजून भरड कुटलेले पातळ पोहे. कॉर्नफ्लेक्स वापरायचे तर घटक वाचावेत, त्यांत बरेचदा बार्लीचं माल्ट असतं. हा काप वेगळ्या टेबलावर, वेगळ्या परातीत घोळवला आणि त्याची छोटी कढई सगळ्यांत आधी पेटवली, म्हणजे हवेत मैदा उडायच्या आत तो तळून, झाकून, नावाची चिठ्ठी लावून बाजूला झालेला होता.