तिसऱ्या दिवसाची प्लेट

ऑक्टोबर उजाडला की नागपुरातल्या आमच्या ओपीडीत डोळ्यावर रुमाल धरून बसलेल्या माणसांची संख्या वाढते, कारण सोयाबीनची मळणी सुरू झालेली असते आणि थ्रेशरमधून उडणारे कुटार थेट डोळ्यांत जाते. काटोलकडच्या एका गावाहून आलेल्या त्या मावशींच्या दुखण्याची सुरुवातही तशीच झाली होती. आठ दिवसांपूर्वी कुटार गेले, डोळा चोळला गेला, लाली आली, म्हणून जवळच्या मेडिकलमधून थेंब आणले. मुलाने खिशातून बाटली काढून दिली तेव्हा मला ज्याची भीती होती तेच लेबलवर होते : प्रतिजैविक आणि स्टेरॉइड एकत्र. "दोन दिवस बरं वाटलं जी मॅडम, मंग लय ठणक लागली," मावशी म्हणाल्या. स्टेरॉइडने लाली आणि ठणका दबतो, जंतू मात्र दबत नाही. दिवसातून तीनदा टाकलेल्या प्रतिजैविकाने तोही पुरता मरत नाही.

स्लिट लॅम्पवर, म्हणजे डोळा मोठा करून दाखवणाऱ्या यंत्रावर, पाहिले तर बुबुळाच्या मधोमध सुमारे ५ मिलिमीटरचा व्रण होता, त्याभोवती पिवळसर करडे कडे धरले होते, आत खालच्या बाजूला २ मिलिमीटर पू साचला होता आणि पापण्यांच्या केसांना हिरवट चिकट स्राव लागलेला होता. शेतातल्या इजेनंतरचा व्रण आमच्या भागात पुष्कळदा बुरशीचा निघतो, त्यामुळे बुरशीचे औषध लगेच लिहून मोकळे होण्याचा मोह फार असतो. मी आधी स्क्रेपिंग घेतले. भुलीचे थेंब टाकून व्रणाचा तळ आणि कड ब्लेडने खरवडली, काचपट्ट्या तयार केल्या आणि उरलेला नमुना ब्लड अगारवर, म्हणजे जंतू वाढवायच्या माध्यमाच्या प्लेटवर, 'सी' अक्षराच्या आकाराच्या ओळींत लावला. त्या ओळींवर जे उगवते ते डोळ्यातले. ओळी सोडून उगवले तर ते हवेतून पडलेले असू शकते. काचपट्टीवर बुरशीचे तंतू नव्हते, ग्रॅमच्या रंगात गुलाबी दांडक्यांसारखे जंतू होते. रूप सुडोमोनास या जिवाणूचे वाटत होते. अधिक तीव्रतेचे करून घेतलेले टोब्रामायसिन आणि सोबत मॉक्सिफ्लॉक्सासिन, दर तासाला, रात्रंदिवस, असे उपचार सुरू केले.

कॉर्निया, म्हणजे बुबुळावरचा पारदर्शक पडदा, मध्यभागी जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असतो आणि सुडोमोनासची विकरे (एन्झाइम्स) त्याला बळकटी देणारे कोलॅजन हे प्रथिन विरघळवत जातात, म्हणून या जंतूपुढे वेळ दिवसांत नव्हे, तासांत मोजावा लागतो. दुसऱ्या संध्याकाळी व्रण पसरलेला आणि मध्यभाग पातळ झालेला दिसला. आधीच्या थेंबांचा इतिहास समोर असताना जंतू औषधांना दाद देत नसल्याची शंका मला पहिल्याच रात्री अधिक जोराने यायला हवी होती, हे मी आजही मानते.

तिसऱ्या सकाळी प्रयोगशाळेतून फोन आला आणि मी अहवालाची वाट न पाहता प्लेट बघायला खाली गेले. प्लेटवर ठेवलेल्या औषधाच्या चकतीभोवती, औषध लागू पडत असेल तर, जंतू न वाढलेले स्वच्छ वलय दिसावे लागते. इथे सिप्रोफ्लॉक्सासिन, टोब्रामायसिन, अमिकासिन, सेफ्टाझिडिम या साऱ्या चकत्यांच्या अगदी कडेपर्यंत हिरवट थर चढलेला होता. फक्त कोलिस्टिन उरले होते. चकतीची चाचणी कोलिस्टिनसाठी भरवशाची नसते, म्हणून ती द्रव माध्यमात वेगळी करून घेतली होती. १९५० च्या दशकात वापरात आलेले आणि मूत्रपिंडाला अपाय करते म्हणून पुढे मागे पडलेले हे औषध आता असल्याच जंतूंसाठी परत काढावे लागते. त्याचे तयार थेंब आमच्याकडे नव्हते. मेडिकल चौकातून इंजेक्शनच्या कुप्या आणवल्या, निर्जंतुक कक्षात ०.१९ टक्के तीव्रतेचे थेंब तयार केले आणि बाटली वॉर्डाच्या फ्रिजमध्ये ठेवली.

रात्रपाळीच्या सिस्टर दर तासाला थेंब टाकत होत्या आणि मुलगा सोयाबीनच्या हिशेबपट्टीच्या मागे वेळ लिहून पुढे खूण करत होता. पाचव्या दिवशी कडे आक्रसायला लागले, पू ओसरला, मात्र मध्यभागी एक ठिपका इतका पातळ झाला होता की तिथे सायनोअ‍ॅक्रिलेटचा डिंक लावून वर पट्टीसारखे संरक्षण देणारी बँडेज लेन्स बसवावी लागली. बुबुळ फुटले नाही. व्रण पुरता भरायला चार आठवडे गेले.

बुबुळावर पांढरे फूल राहिले आणि मावशींना त्या डोळ्याने एक मीटरवरची बोटे तेवढी मोजता येतात. डोळा वर्षभर शांत राहिला तर कॉर्नियारोपण करायचे ठरले आहे. त्या वेळी शस्त्रक्रियेनंतर नेहमीचेच थेंब कोणी सवयीने लिहून देऊ नयेत, म्हणून त्यांच्या फाइलच्या पहिल्या पानावर मी लाल शाईने चार औषधांची नावे लिहून ठेवली आहेत आणि त्यांच्यावर काट मारली आहे.