बेसमेंटमधला लोणा

न्यू जर्सीतल्या आमच्या घराच्या बेसमेंटमधलं जुनं कार्पेट मी मार्चमध्ये उचकटलं. खाली उघडं काँक्रीट आणि उत्तरेच्या भिंतीलगत पिठासारखे पांढरे चट्टे. मला वाटलं, फोमचा चुरा असेल. सासरे, म्हणजे अण्णा, नुकतेच सांगलीहून आले होते. पीडब्ल्यूडीत तीस वर्षं काढलेला माणूस. वाकून त्यांनी नखाने चट्टा खरवडला. "लोणा आहे हा, ओलीबरोबर वर आलेला क्षार. खालून ओल येतेय. लाकूड टाकायची घाई करू नकोस."

घाई झालीच होती. गॅरेजमध्ये इंजिनियर्ड ओकची 19 खोकी येऊन पडलेली. बेसमेंटमध्ये सबंध लाकडाची फळी चालत नाही एवढं मला माहीत होतं, म्हणून तर ही घेतली. खाली आडव्याउभ्या थरांचं प्लाय, वर पातळसा खरा ओक. थर एकमेकांना धरून ठेवतात, त्यामुळे फळी कमी फुगते. पण फुगतेच.

ओल तपासायला आधी प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेप लावून जमिनीच्या काँक्रीट स्लॅबवर चिकटवला. दोन दिवसांनी खाली कोरडं ठणठणीत! मी खूश, अण्णा नाहीत. आणि बरोबर होते ते: स्लॅब किती गार आहे यावरही थेंब धरणं अवलंबून असतं. मग कॅल्शियम क्लोराइडची डबी आणली. बंद झाकणाखाली 60 ते 72 तास हे दाणे ओल पितात आणि वाढलेल्या वजनावरून हिशोब निघतो. फळ्यांच्या कागदावर मर्यादा होती 1000 चौरस फुटांमागे 24 तासांत 3 पौंड ओल. आमचा आकडा आला 5.2.

पुढच्या पावसात अण्णा छत्री घेऊन घराभोवती फिरले. पन्हळीचा पाइप थेट भिंतीच्या बुडाशी ओतत होता! तो सहा फूट लांबवला, मातीला बाहेरच्या बाजूला उतार दिला, आत डिह्युमिडिफायर लावला. ऑगस्टमध्ये आकडा 2.7 झाला. तोवर गाडी पाच महिने गॅरेजबाहेर, आणि नवऱ्याचे टोमणे रोज.

अण्णांचे इथल्या मुक्कामाचे सहा महिने भरत आलेले, म्हणून मग धावपळ. दहा फुटांत 3/16 इंचापेक्षा जास्त चढउतार चालत नाही. अण्णांनी सूत ताणलं, मी खाली नाणं सरकवत गेले. उंचवटा ग्राइंडरने घासला (मास्क आणि व्हॅक्यूम लावूनच, ती धूळ छातीत बसते). खळग्यासाठी लेव्हलिंगचं मिश्रण कालवलं आणि फोन घ्यायला वर गेले. परत येईपर्यंत बादलीत दगड. दुसरी पिशवी आणावी लागली.

बाकीचं काम दोन दिवसांचं. 6 मिल जाडीचं प्लास्टिक (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग), जोड सहा इंच एकमेकांवर घेऊन टेप, वर फोम, त्यावर एकमेकींत अडकणाऱ्या फळ्या. खिळा नाही, गोंद नाही. "जमिनीला न धरलेली जमीन?" अण्णांना ते शेवटपर्यंत पटलं नाही. तरी भिंतीलगतच्या अर्ध्या इंचाच्या फटीसाठी पाचरी त्यांनीच तासून दिल्या.

शेवटची ओळ जेमतेम सव्वा इंचाची उरली. आधी माप घेऊन पहिली ओळ चिरली असती तर ही वेळ आली नसती. आता ती सोफ्यामागे आहे.

अण्णा फोनवर लाकडाबद्दल काही विचारत नाहीत. "पन्हळीत पानं साचलीत का?" एवढंच.