ह्यांचं हृदय आणि माझी झोप

डिस्चार्जच्या फाइलीत ह्यांच्याबद्दल सगळं होतं. टूडी इको, औषधांची यादी, आहाराचा तक्ता, पुढची तारीख. ईएफ 30 टक्के. दर ठोक्याला हृदय आतलं किती रक्त बाहेर ढकलतं, त्याचा हा आकडा; निरोगी माणसात तो साधारण 55 ते 70 असतो. नर्सने घाईघाईत गोळ्या समजावल्या, बिलिंगवाल्यांनी मात्र दुपारभर बसवून ठेवलं, आणि संध्याकाळी आम्ही कर्वेनगरला घरी आलो.

पुढचे काही महिने मी नीट झोपले नाही. कामाचं एवढं काही नव्हतं. स्वयंपाक, गोळ्या, आंघोळीला मदत, हे निभतं. जीव खायचे ते निर्णय. घोट्यावर सूज दिसतेय ती पाय लोंबकळत ठेवून टीव्ही बघितल्यामुळे, की पाणी साठतंय? खोकला हवेचा की छातीतला? रात्री साडेअकराला डॉक्टरांना फोन करावा, की सकाळपर्यंत थांबावं? ह्यांचा श्वास ऐकत पडून राहायचं, आणि तो फारच शांत वाटला की हात लावून बघायचं. मग ह्यांची झोपमोड, मग चिडचिड. "अगं, जिवंत आहे मी," हे वाक्य आमच्याकडे रात्री दोनला ऐकू यायचं.

सल्ले भरपूर आले. "तू ताण घेऊ नकोस" हा पहिला. जणू मी तो लक्ष्मी रोडवरून पिशवी भरून आणला होता! कुणी अनुलोम-विलोम सांगितलं, कुणी पोथी. त्यात वाईट काही नाही, पण डोळे मिटले की मला घोटेच दिसायचे.

फरक पडला तो एका फॉलोअपला. तपासणी संपली तरी मी खुर्चीतून उठले नाही. म्हटलं, "डॉक्टर, फोन कधी करायचा आणि कधी नाही, तेवढं आकड्यांत लिहून द्या." त्यांनी प्रिस्क्रिप्शनच्या मागच्या बाजूला लिहून दिलं. रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, तेवढ्याच कपड्यांत वजन. तीन दिवसांत 2 किलोपेक्षा जास्त वाढलं, तर त्याच दिवशी फोन. झोपताना नेहमीपेक्षा जास्त उशा लागायला लागल्या, किंवा रात्री धाप लागून उठून बसावं लागलं, तरी फोन. जुलाब-उलट्या सुरू झाल्या, तर लघवीची गोळी देण्याआधी विचारायचं. बसल्याजागी धाप, छातीत दुखणं, शुद्ध हरपणं, यात फोनाफोनी करत बसायचं नाही, थेट 108. आणि नुसती संध्याकाळची थोडी सूज, वजन तेवढंच, दम नाही, तर सकाळपर्यंत थांबा. हे शेवटचं वाक्य माझ्यासाठी सगळ्यात मोलाचं ठरलं. आकडे आमच्या पेशंटचे आहेत; तुमचे तुमच्या डॉक्टरांकडून घ्या, पण लेखीच घ्या.

वजनाचा आग्रह का, तेही तेव्हाच उमगलं. हृदयाचा जोर कमी पडला की शरीर मीठ आणि पाणी धरून ठेवतं, आणि सूज किंवा धाप जाणवायच्या आधी ते बऱ्याचदा काट्यावर दिसतं. चरबी काही दोन दिवसांत दोन किलो चढत नाही.

वजन लिहायचं काम ह्यांच्याकडेच दिलं. हे कंपनीत क्वालिटी कंट्रोलला होते; त्यांनी आलेखाचा कागद आणवला, लाल रेघ मारली आणि काटा रोज एकाच फरशीवर ठेवायचा नियम काढला. माझ्या डोक्यावरचं एक काम गेलं, आणि पेशंट असल्याचा त्यांचा रागही निवळला.

झोपेचा तिढा मात्र साध्या गोष्टीने सुटला. लघवीच्या गोळीचा दुसरा डोस आम्ही संध्याकाळी उशिरा देत होतो, त्यामुळे रात्रभर ह्यांच्या बाथरूमच्या वाऱ्या आणि पाठोपाठ माझ्या. डॉक्टरांना विचारून तो दुपारी तीनला आणला. एवढंच.

मिठाचं सांगायलाच हवं, कारण भांडणं तिथेच होतात. लोणचं-पापड बंद केले, खारी बंद केली. पापडखारातही सोडियमच. मग एका भाचीने प्रेमाने कमी सोडियमच्या मिठाचं पाकीट आणलं. त्यात सोडियमच्या जागी बराचसा पोटॅशियम क्लोराइड असतो, आणि ह्यांच्या स्पिरोनोलॅक्टोनसारख्या गोळ्यांनी पोटॅशियम आधीच वाढू शकतं. अशा पेशंटला ते धोक्याचं. गुडघेदुखीच्या आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्याही नकोत. त्यांनी पाणी साठतं. केमिस्टकडून हे आपल्या मनाने गोळी आणायचे, ते थांबवलं.

बंगळुरूचा मुलगा आणि पिंपळे सौदागरची मुलगी रोज वेगवेगळा फोन करून "बाबा कसे आहेत?" विचारायची. प्रेमानेच, पण तोच रिपोर्ट दोनदा द्यायचा म्हणजे तीही एक ड्यूटी. आता हे आलेखाचा फोटो ग्रुपवर टाकतात. औषधं मागवणं आणि मेडिक्लेमची कागदपत्रं मुलाकडे. ही कामं लांबूनही होतात. मुलगी रविवारी येऊन बसते. आठवड्यातल्या ठरलेल्या दुपारी पेशंटजवळ थांबायला ब्युरोचे मामा येतात. परका माणूस घरात, म्हणून हे आधी तोंड फिरवून बसले होते. मामांना क्रिकेट कळतं असं दिसल्यावर बोलायला लागले. मी एका रविवारी कोथरूडच्या यशवंतराव चव्हाण नाट्यगृहात दुपारचा प्रयोग बघितला. मध्यंतरात घरी फोन केलाच. हे म्हणाले, "नाटक बघ."

माझंही बीपी वाढलेलं निघालं, ते फॅमिली डॉक्टरांकडे स्वतःसाठी गेले तेव्हा. त्यांनी झोप, भूक, रडू येतं का, हे सगळं विचारलं आणि टेली-मानसचा 14416 नंबर दिला. मनाच्या त्रासासाठीची सरकारी हेल्पलाइन आहे, मोफत, चोवीस तास, मराठीतून बोलता येतं. एका वाईट रात्री लावला. पलीकडच्या बाईंनी ह्यांच्याबद्दल कमी आणि माझ्याबद्दल जास्त विचारलं.

आता ह्यांना स्कूटर चालवायची आहे. मुलगी नाही म्हणते, मामा हो म्हणतात. मी कुणाच्याच बाजूने नाही. पुढच्या फॉलोअपला विचारायच्या यादीत तो प्रश्न ह्यांनाच लिहायला लावला आहे.