मागच्या सीटवरून कोल्हापूर

लांबच्या मित्राला भेटायला जावं, पण त्याचं गाव बघायला जाऊ नये, असं माझं मत आहे. गाव बघायचं ठरलं की मित्र बिचारा गाइड होतो आणि संध्याकाळपर्यंत दोघंही दमतात. त्यापेक्षा त्याच्या गाडीवर मागं बसावं आणि तो जिथं जाईल तिथं निमूट जावं.

मुंबईहून महालक्ष्मी एक्सप्रेस रात्रीची निघते. मिरजेला चहावाल्यांच्या हाळ्यांनी जाग येते, आणि तिथून पुढचा पट्टा मी झोपेत घालवत नाही. दोन्ही अंगांना ऊस, रुकडीजवळ पंचगंगेचा पूल. १८९१ साली झालेला हा फाटा कोल्हापुरात येऊन संपतो, पुढं रूळच नाहीत. मित्राच्या गावापुढं गाडी जाऊच शकत नाही, ही व्यवस्था मला फार पसंत आहे.

"आलास? बस." एवढंच स्वागत. बॅग मांडीवर, आणि गाडी थेट मिसळीच्या दारात. इथं मिसळीबरोबर पावाचे स्लाइस येतात आणि कट मागावा तितका मिळतो. मला काही न विचारता त्यानं माझ्या ताटलीत कट ओतायला लावला. हॉस्टेलमध्येही तो माझ्या वतीनं असेच निर्णय घ्यायचा.

मग त्याची कामं. बँक, सासऱ्यांच्या गोळ्या, पापाच्या तिकटीला दुरुस्तीला टाकलेली चप्पल. वाटेत खासबाग लागलं तेव्हा गाडी जरा हळू केली. शाहू महाराजांनी बांधून घेतलेलं, १९१२ सालचं मैदान. मधोमध आखाडा आणि भोवतीनं चढत गेलेली बसायची जागा, म्हणजे कुठंही टेकलं तरी कुस्ती दिसते. "आत जायचं काय?" "नको." "बरं झालं, बँक बंद होईल."

संध्याकाळी मात्र गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर तो निवांत झाला. म्हशी रस्त्याच्या कडेला उभ्या, गवळी समोरच धार काढतो आणि फेसाळ ग्लास हातात येतो. दूध गार असतं किंवा गरम असतं अशी माझी समजूत होती. हे म्हशीइतकंच उबदार. शहरी पोटाला ते मानवेल का, याची धास्ती मी चेहऱ्यावर येऊ दिली नाही. मित्राचे वडील वर्षापूर्वी गेले. फोनवर त्यानं ते दोन वाक्यांत सांगितलं होतं, मीही दोनच वाक्यं बोललो होतो. इथं मिशीवरचा फेस पुसत तो एकदम म्हणाला, "अण्णा घरनं पितळी ग्लास आणायचे. कट्ट्यावरच्या ग्लासात दूध कमी बसतं म्हणायचे." मग अण्णांचं गवळ्याशी चालणारं भांडण, माप, उधारी, एका म्हशीवरचा त्यांचा विशेष लोभ, असं बराच वेळ चाललं. घरी समोरासमोर सोफ्यावर बसून तो यातलं काही बोलला असता असं वाटत नाही. शेजारी शेजारी उभं राहून, दोघांचं लक्ष म्हशीकडे असताना माणसाला बोलता येतं. गवळ्यानंही मधेच, "अण्णांसारखं गिऱ्हाईक न्हाई," अशी भर घातली.

रंकाळ्यावर भेळ खाल्ली. त्याबद्दल विशेष सांगण्यासारखं नाही, वारा छान होता.

रात्री तांबडा-पांढरा. पांढरा रस्सा मी वाटीनं पीत होतो आणि वहिनी वाटी रिकामी होऊ देत नव्हत्या. "भावजी, लाजू नका हो. मुंबईत कोण देतंय तुम्हाला?" खरंच कोणी देत नाही.

हात धुताना मी सहज विचारलं, "उद्या काय, पन्हाळा?"

"पन्हाळा कुठं पळून जातोय? उद्या दळण हाय," तो म्हणाला. "डबा तू धर, मी गाडी चालवतो."