कसं काढलंस ते सांग

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत मुख्याध्यापकांवर लेख येतील, दहावीच्या गणिताच्या सरांवर येतील, स्नेहसंमेलनावर तर हमखास येतील. पहिली-दुसरीच्या बाईंवर सहसा कुणी लिहीत नाही. त्या वयातलं फारसं आठवत नाही हे एक, आणि लिहा-वाचायला, मोजायला आपण आपोआपच शिकलो असं मोठेपणी प्रत्येकाला वाटत असतं हे दुसरं. मलाही तसंच वाटायचं. पुढे धाकटी बहीण डी.एड. करू लागली. तिची पुस्तकं घरभर पडलेली असायची. ती चाळताना हळूहळू माझ्या लक्षात आलं, की आमच्या बाई वर्गात जे काही करायच्या त्यातलं सहज म्हणून केलेलं फारच थोडं होतं.

बाईंचं नाव मी लिहीत नाही, कारण त्यांनीच तसं बजावलं आहे. "नाव छापून आलं की सत्काराला बोलावतात, आणि सत्काराला गेलं की भाषण करावं लागतं." त्यांच्या हाताखालून गेलेल्यांना नावाची गरज पडणारही नाही.

बाईंचा एक ठरलेला प्रश्न होता. फळ्यावर गणित सोडवून झालं की त्या विचारायच्या, "हं, कसं काढलंस ते सांग." उत्तर चुकलं तरी हाच प्रश्न, बरोबर आलं तरी हाच, आणि आवाजही तोच. त्यामुळे बाईंनी विचारलं म्हणजे आपलं चुकलंय, असा अर्थ आम्ही कधी काढलाच नाही. इतर वर्गांत मात्र "कसं काढलंस?" ऐकलं की मुलं आधी खोडरबर शोधायची.

दुसरीत एकदा बाईंनी एकोणतीस लिहायला सांगितलं. माझ्या शेजारी बसणाऱ्या मुलाने फळ्यावर ३९ लिहिले. मागच्या बाकांवर खसखस पिकली. बाईंनी नेहमीचा प्रश्न विचारला. तो म्हणाला, "तीस ऐकू आलं म्हणून आधी तीन. आणि एकोण आलं की शेवटी नऊ असतो."

"एकोण आलं की शेवटी नऊ, हे तुला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही."

"बघा रे, हे मी अजून शिकवलेलंच नाही," असं म्हणून बाईंनी बटणांचा डबा काढला. त्या मुलाकडून टेबलावर दहा-दहाच्या तीन ओळी लावून घेतल्या. मग म्हणाल्या, "यातलं एक उचल. आता दहाच्या पूर्ण ओळी किती राहिल्या?" तो ओळींकडे बघत राहिला. तिसरी ओळ बोटाने मोजली, परत मोजली. मग कुणी न सांगता फळ्यापाशी गेला, तीन पुसून दोन केले आणि नऊ तसाच ठेवला. आमच्या बाजूला पाठ करून उभा होता, पण कान लाल झालेले दिसत होते. बहुधा आनंदाने.

हसणाऱ्यांची सुटका नव्हतीच. जो हसला त्याने समोर यायचं आणि ते उत्तर कसं आलं असेल ते वर्गाला समजावून सांगायचं. ही शिक्षा दिसते तेवढी सोपी नाही. बरोबर उत्तराकडे जाणारी वाट पुस्तकात छापलेली असते. चुकीच्या उत्तराची वाट स्वतः शोधावी लागते. ५२ वजा ३८ बरोबर २६, हे उत्तर कुठून येतं? दोनातून आठ जात नाहीत, म्हणून मुलाने गुपचूप आठातून दोन काढले. मोठ्यातून लहान वजा करायचं, हा नियम त्याला आधी आपणच तर सांगितलेला असतो. अशी दोन-चार उत्तरं उलगडावी लागली, की हसण्याची हौस फिटायची.

आपल्या संख्यांची नावं तशी मुलांची परीक्षाच बघतात. पंचवीस म्हणताना आधी पाच ऐकू येतात, लिहायचे मात्र आधी दोन. कितीतरी मुलं ५२ लिहून मोकळी होतात. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'वीस एक, वीस दोन' असं वाचन आलं आणि केवढा गदारोळ झाला, ते सगळ्यांना आठवत असेल. मी बाईंना मुद्दाम विचारलं. तोवर त्या कधीच्याच निवृत्त झाल्या होत्या. त्यांनी कुणाचीच बाजू घेतली नाही. "मी दोन्ही म्हणून घ्यायचे. कुठलं छापायचं ते मोठ्या माणसांनी ठरवावं, पण मूल नेमकं कुठे अडतं यावर एवढे लोक एकदम बोलले, हे मी पहिल्यांदाच पाहिलं."

"कसं काढलंस?" हा प्रश्न त्यांच्याकडे आला कुठून, हे मला बऱ्याच उशिरा कळलं. बाईंचे वडील शिंपी. काजं-बटणं करणं हे लहानपणापासून बाईंचं काम. वर्गातला डबा त्या घरातलाच. मॅट्रिक झाल्यावर लगेच शिक्षिका होता आलं नाही. त्याआधी काही वर्षं त्या संध्याकाळी प्रौढ साक्षरतेचे वर्ग घेत होत्या. आपण शिकवायला तिथे शिकलो, डी.एड.ला फक्त पाठ टाचणं लिहायला शिकलो, असं त्या म्हणतात. (डी.एड. कॉलेजवर हा थोडा अन्याय आहे, असं माझ्या बहिणीचं मत.)

त्या वर्गात बाजारात बसून फुलं विकणारी एक बाई यायची. गिऱ्हाईकाला सुटे परत देताना तिची कधी चूक व्हायची नाही, पण पाटीवर ४७ अधिक ३८ मांडून दिले की हातचा कुठे गेला ते तिला कळायचं नाही. तिने पाटी बाजूला सारली आणि म्हणाली, "मला गणित येत नाही." बाईंनी विचारलं, "मग धंद्यावर कसं करता?" ती म्हणाली, "आधी मोठे धरते. चाळीस नि तीस सत्तर. मग सात नि आठ पंधरा. झाले पंच्याऐंशी." शाळा एककाकडून सुरुवात करते, ती दशकाकडून करत होती, उत्तर तेच. आपण या बाईला येत असलेलंच गणित पुन्हा शिकवायला निघालो होतो, आणि तेही उलट्या बाजूने, हे तेव्हा बाईंना उमगलं. वर्गातल्या मुलांनाही आधीपासून काही ना काही येतच असतं, ते विचारल्याशिवाय पुढे जायचं नाही, असं त्यांनी तिथेच ठरवून टाकलं.

बहिणीच्या पुस्तकात याचाच जुळा भाऊ सापडला. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात रस्त्यावर वस्तू विकणाऱ्या मुलांचा तेरेझिन्हा नुनेस, डेव्हिड कॅरहर आणि अनालुसिया श्लीमन यांनी अभ्यास केला. तो १९८५ साली प्रसिद्ध झाला. विक्री करताना तोंडी विचारलेल्या हिशेबांत मुलांची सुमारे ९८ टक्के उत्तरं बरोबर आली. तसेच हिशेब नुसत्या आकड्यांत मांडून दिल्यावर जेमतेम ३७ टक्के. मुलं तीच होती. ते पान मी बाईंना वाचून दाखवलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्या मुलांना कुणी विचारलं का, कसं काढलं ते?" विचारलं होतं. बाईंचं समाधान झालं.

दुसरी गोष्ट स्विस मानसशास्त्रज्ञ जीन पियाजे यांच्या प्रसिद्ध प्रयोगाची. सारख्याच वस्तूंच्या दोन ओळी समोरासमोर मांडायच्या, मूल म्हणतं दोन्हीकडे सारख्या. मग एक ओळ लांबवायची आणि पुन्हा विचारायचं, तर पाच वर्षांचं मूल म्हणतं, लांब ओळीत जास्त. म्हणजे संख्येची समज अजून आलेली नाही, असा निष्कर्ष. पुढे १९७४ साली जेम्स मॅकगॅरिगल आणि मार्गारेट डोनाल्डसन यांनी यात एक खोडकर अस्वल आणलं. खेळण्यातलं अस्वल येऊन ओळ विस्कटून जातं, प्रश्न तोच. तर कितीतरी जास्त मुलांनी ओळी सारख्याच असल्याचं सांगितलं. एक उलगडा असा दिला जातो, की मोठ्या माणसाने मुद्दाम ओळ हलवून तोच प्रश्न परत विचारला, म्हणजे आपलं आधीचं उत्तर त्यांना नको आहे, असं मूल धरून चालतं. हे वाचताना मी जागीच थबकले. बाई बरोबर उत्तरालाही "कसं काढलंस?" का विचारायच्या, त्याचं याहून चांगलं स्पष्टीकरण मला कुठे मिळालेलं नाही. मूल गणित सोडवताना अर्धं लक्ष गणिताकडे देतं आणि अर्धं बाईंच्या चेहऱ्याकडे. बाईंनी चेहऱ्याकडून मिळणारी मदत बंदच करून टाकली होती.

प्रश्न विचारून झाला की त्या फळा पुसायला घ्यायच्या. आमच्याकडे पाठ, हात सावकाश. फळा बऱ्याचदा आधीच स्वच्छ असायचा. मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेने १९७० च्या दशकात वर्गांतली संभाषणं तपासली, तेव्हा शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी एक सेकंदच थांबतात असं दिसलं. ते तीन सेकंद थांबले तर उत्तरं लांबतात आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलतात. बाईंनी रो हे नाव ऐकलेलं नव्हतं. त्यांच्याकडे डस्टर होतं.

एवढं वाचून बाई म्हणजे पाठांतराच्या शत्रू असं कुणाला वाटेल. अजिबात नाही. पाढ्यांच्या बाबतीत त्या कडक होत्या. सातचा पाढा आधी बटणांच्या ओळींनी मांडायचा आणि मग झोपेत उठवलं तरी आला पाहिजे. "सात आठे छप्पन्न शोधण्यात डोकं गुंतलं, तर पुढच्या गणिताला उरणार काय?" आधी समज की आधी पाठांतर, या वादात उतरणाऱ्यांना मला बाईंचा वर्ग दाखवावासा वाटतो.

शेवटच्या तासाला गोष्ट. त्या पुस्तक हातात धरून वाचायच्या, आणि त्यावर एकही प्रश्न नाही, तात्पर्य तर नाहीच. त्या तासाबद्दल एवढंच पुरे. त्याचं विश्लेषण बाईंना आवडणार नाही.

उणिवाही होत्या, त्या झाकण्यात अर्थ नाही. बाईंचा अभ्यासक्रम दर वर्षी मागे राहायचा. उरलेले धडे तिसरीच्या बाईंना पुरे करून घ्यावे लागत, आणि त्यांची नाराजी रास्तच होती. हस्ताक्षराकडे बाईंनी फारसं लक्ष दिलं नाही, त्याचे पुरावे माझ्या वह्यांत आहेत. शब्दांच्या बाबतीतही त्या एका वेळी एकच चूक दाखवायच्या. 'पर्वत'चा कुणी 'पवर्त' केला, तर त्या दिवशी फक्त रफार. ऱ्हस्व-दीर्घाला हात लावायचा नाही. लाल शाईने भरलेली वही बघायची सवय असलेल्या पालकांना वाटायचं, बाई तपासतच नाहीत. काहींनी तक्रारही केली. बाईंनी त्या पालकांना एक तास वर्गात बसायला बोलावलं. काही आले, काही आले नाहीत, आणि आलेल्यांतल्या सगळ्यांनाच पटलं असंही नाही. घाई असलेल्या मुलांची त्यांच्या वर्गात थोडी कोंडी व्हायची, हेही खरं. दुसऱ्याचं उत्तर उलगडेपर्यंत त्यांना थांबावं लागे.

मी आज हिशेब तपासणीच्या कामात आहे. लोक बेरीज दाखवतात, मी ती कशी आली ते विचारते. सहकाऱ्यांना हा संशयी स्वभाव वाटतो.

बाई एक वही ठेवत असत. मुलांची नावं नसलेली, फक्त उत्तरं आणि त्यासमोर मुलाने सांगितलेली वाट. '३९ : तीस ऐकू आलं, एकोणला नऊ' ही नोंद मी स्वतः पाहिली आहे. निवृत्त होताना बाईंनी ती वही शाळेतच ठेवली. बहीण याच शाळेत पहिलीला शिकवायला लागल्यावर ती तिच्या कपाटात आली, आणि आता तिच्या अक्षरातली पानंही त्यात वाढली आहेत. प्राथमिक विभागातल्या नव्या शिक्षकांनी ती जरूर मागून बघावी. मधल्या सुट्टीत गेलात तर ती दाखवते. घरी मात्र नेऊ देत नाही, मलासुद्धा नाही.